टॉम रिप्ले कोणाचा?

पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेने टॉम रिप्ले या खुनी तरुणाला १९५५ साली कादंबरीत आणले. लेखिका १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये निवर्तली, परंतु तिचा हा मानसपुत्र म्हातारा व्हावयास तयार नाही. रने क्लेमाँ या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६० साली आलँ देलाँला घेऊन त्याच्यावर चित्रपट काढला. १९९९ साली अँथनी मिंगेला यांनी मॅट डेमनला घेऊन पुन्हा काढला. आणि २०२४ साली नेटफ्लिक्सने तीच कथा आठ भागांच्या कृष्णधवल मालिकेत मांडली. प्रत्येक पिढीचा अनुभव मात्र एकच आहे. पोलीस दाराशी आले की प्रेक्षकाची छाती धडधडते ती खुन्याच्या काळजीने. मेलेला माणूस एव्हाना विस्मरणात गेलेला असतो.

महागाई, कंत्राटी कामगार आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न उभे असताना पक्षाच्या साप्ताहिकाने एका परदेशी रहस्यकथेची दखल कशासाठी घ्यावी, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. त्यांनी अंतोनिओ ग्रामचीचे स्मरण करावे. १९२६ साली मुसोलिनीने त्याला तुरुंगात टाकले. तेथे लिहिलेल्या टिपणांत या इटालियन कम्युनिस्ट नेत्याने स्वस्त कादंबऱ्यांवर आणि गुप्तहेरकथांवर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. त्याचे एक निरीक्षण मार्मिक आहे. ‘अतिमानवा’ची कल्पना सामान्य माणसाच्या डोक्यात शिरली ती नीत्शेच्या तत्त्वज्ञानातून शिरलेली नाही, ती द्युमाच्या ‘माँते क्रिस्तो’सारख्या लोकप्रिय कादंबऱ्यांतून झिरपली आहे, असे तो म्हणतो. जनता काय वाचते आणि काय वाचताना सुखावते याकडे जो पक्ष पाठ फिरवतो, त्याला जनतेच्या मनात कोणती स्वप्ने रुजत आहेत याचा पत्ता निवडणुकीच्या निकालानंतरच लागतो.

प्रथम कथा पाहू जाता, पंचवीस वर्षांचा रिप्ले न्यूयॉर्कमध्ये ओळखीपाळखीच्यांच्या खोल्यांवर दिवस काढतो आहे. आईबाप नाहीत, ज्या आत्याने वाढवले तिने उपकाराबरोबर हेटाळणीही भरपूर दिली. तो एक क्षुद्र लबाडी करीत असतो: कर खात्याचा अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांकडून थकलेल्या कराच्या नावाखाली धनादेश मागवतो. हे धनादेश त्याला वटवता येत नाहीत, म्हणजे प्राप्ती शून्य. परंतु तो कोणाला निवडतो हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लेखक, चित्रकार, तुकड्या-तुकड्याने काम मिळवून पोट भरणारी माणसे, ज्यांच्या मिळकतीचा हिशोब त्यांना स्वतःलाही नीट ठाऊक नसतो, अशांना तो हेरतो. पहिल्या पानांपासून त्याचा हात वर जात नाही. आपल्याहून बिचकणाऱ्या माणसाच्या खिशाकडे जातो.

एका जहाजबांधणी कारखान्याचा मालक, ग्रीनलीफ, त्याला गाठतो आणि आपला उनाड मुलगा डिकी याला इटलीहून परत आणण्यासाठी स्वखर्चाने पाठवतो. डिकी समुद्रकाठच्या गावात बापाच्या पैशांवर राहतो आहे, बेताची चित्रे काढतो आहे, नौकाविहार करतो आहे. रिप्लेला ते जीवन दिसते आणि ते हवे होते. सान रेमोजवळ भाड्याच्या लहानशा नावेत वल्ह्याचा प्रहार करून तो डिकीला ठार मारतो आणि त्यानंतर डिकी म्हणून वावरू लागतो. त्याचे कपडे, अंगठ्या, सही, बोलण्याची लकब, बँकेतून दरमहा येणारी रक्कम, सारे रिप्लेचे होते. संशय आलेल्या एका मित्राचा दुसरा खून होतो. अखेर एक बनावट मृत्युपत्र तयार होते आणि मुलाचा बाप ते मान्य करतो. खुनी सुटतो, आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो.

क्लेमाँच्या चित्रपटाला हा शेवट पेलला नाही. तेथे गुन्हा उघडकीस येतो. हायस्मिथला तो बदल रुचला नव्हता. लोकांच्या तथाकथित नीतिमत्तेपुढे टाकलेली ती मान होती, असे तिचे मत होते. तिचा आक्षेप रास्त होता. रिप्ले सुटतो यातच या पुस्तकाचे सारे सत्य आहे. प्रश्न असा की तो सुटावा असे वाचकाला का वाटते?

मानसशास्त्राच्या भाषेत अशा माणसाला सोशिओपॅथ म्हणतात. वागणे आर्जवी, वाणी गोड, बुद्धी तल्लख. परंतु दुसऱ्याच्या वेदनेचा प्रतिध्वनी ज्याच्या अंतःकरणात उमटतच नाही, असा माणूस. हे निदान बरोबर असेल. परंतु वाचकाच्या प्रेमाचा उलगडा त्यातून होत नाही, कारण विकृतीवर कोणी प्रेम करीत नाही. वाचक ज्यावर लुब्ध होतो ते रिप्लेचे गुण आहेत, आणि ते गुण, चमत्कारिक वाटले तरी, कष्टकऱ्याचे आहेत. हा मनुष्य अहोरात्र मेहनत घेतो. सही गिरवतो, भाषा शिकतो, पत्रे पुन्हापुन्हा लिहून पाहतो, आगगाड्यांची वेळापत्रके पाठ करतो, बुटांना पॉलिश करतो, वस्तूंची निगा राखतो. त्याच्यासमोर उभा आहे तो डिकी, ज्याने आयुष्यात एकही दिवस काम केलेले नाही, ज्याला आपल्याजवळ काय आहे याची किंमतही नाही. कारखान्यात, कचेरीत, शेतात खपणारा वाचक या दोघांपैकी कोणाच्या बाजूने उभा राहील? न कमावलेल्या पैशाविषयीची चीड ही न्याय्य भावना आहे. समाजवादी चळवळीचा पायाच तिच्यावर उभा आहे. हायस्मिथचे असामान्य कौशल्य असे की ही न्याय्य भावना ती अलगद उचलते आणि एका खुन्याच्या पदरात घालते.

येथेच सावध व्हावयास हवे. रिप्लेला विषमता खुपत नाही. तिच्यातील आपली जागा खुपते. डिकीच्या मिळकतीचा उगम बापाच्या कारखान्यात आहे, तेथे जहाजे बांधणारे हात आहेत, हे त्याच्या मनाला एकदाही शिवत नाही. त्याला मालमत्ता मोडावयाची नाही, तिच्यावरचे नाव बदलावयाचे आहे. आणि नाव बदलण्याचे हे काम मालमत्तेच्या कायद्यावर गाढ श्रद्धा असल्याखेरीज होत नाही. बनावट सहीला किंमत येते ती खऱ्या सहीला बँक मान देते म्हणून. खोटे मृत्युपत्र चालते ते मृत्युपत्रे पवित्र मानली जातात म्हणून. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने ज्यांना सामाजिक दरोडेखोर म्हटले, ते गावाच्या आश्रयावर जगत; गावाने भाकरी दिली नाही, पोलिसांना वाट दाखवली, की त्यांचा खेळ संपे. रिप्लेला गाव लागत नाही. त्याला पासपोर्ट, टपालखाते आणि बँकेची खिडकी पुरते. एवढा निष्ठावान भांडवली नागरिक डिकीसुद्धा नव्हता.

पुढील कादंबऱ्यांत हे अधिक स्पष्ट होत जाते, आणि बहुसंख्य प्रेक्षकांना त्या ठाऊकच नसतात. १९७०, १९७४, १९८० आणि १९९१ अशी चार पुस्तके हायस्मिथने रिप्लेवर आणखी लिहिली. त्यांत तो फ्रान्समधील एका टुमदार गावी बंगला करून राहतो. औषधांच्या कारखानदाराची मुलगी त्याची पत्नी आहे, स्वयंपाकाला बाई आहे, बागेत डेलियाची फुले आहेत, फावल्या वेळी तो संगीताचे धडे गिरवतो. उत्पन्नाचा एक भाग एका मृत चित्रकाराच्या नावावर खपणाऱ्या नकली चित्रांतून येतो. ही व्यवस्था मासलेवाईक आहे. खरा चित्रकार कधीच मेला. नकला करणारा दुसरा चित्रकार मनातल्या मनात कुरतडला जाऊन अखेर आत्मनाश करतो. मध्यस्थ, कलादालन आणि रिप्ले यांना मात्र नियमित हिस्सा मिळतो. एक अमेरिकन संग्राहक या नकलांबद्दल शंका काढतो तेव्हा रिप्ले त्याला तळघरात नेतो आणि उंची मद्याच्या बाटलीने त्याचा प्राण घेतो. पहिला खून वल्ह्याने झाला होता, हा आपल्याच तळघरातील बाटलीने. मधल्या काळात माणसाची किती ‘प्रगती’ झाली हे त्या हत्यारावरूनच कळावे!

१९७४ च्या ‘रिप्लेज गेम’मध्ये तर रिप्लेचा बळी कोणी धनिकपुत्र नाहीच. जोनाथन ट्रेव्हॅनी हा फाँतेनब्लो येथे चित्रांच्या चौकटी बनवणारा कारागीर. त्याला रक्ताचा कर्करोग आहे, बायको आणि एक लहान मुलगा आहे, दुकान जेमतेम चालते. एका मेजवानीत तो रिप्लेशी किंचित तुटकपणे बोलतो; अपराध तेवढाच. रिप्ले त्याच्या आजाराविषयी अफवा सोडतो, मृत्यू जवळ आल्याची शंका त्याच्या मनात पेरतो, आणि बायकोमुलांसाठी पैसे मागे ठेवण्याच्या आशेने हा सरळमार्गी माणूस भाडोत्री खुनी बनतो. आजार, औषधाचा खर्च, मागे राहणाऱ्यांची चिंता, म्हणजे गरिबाला जे जे विकावयास लावते ते सारे रिप्लेने अचूक ओळखले आहे. त्याने ते मनोरंजनासाठी वापरले. पहिल्या कादंबरीत डिकीविरुद्ध रिप्लेच्या बाजूला उभा राहिलेला वाचक येथे ट्रेव्हॅनीच्या बाजूला जातो काय? काही जातात. बरेचजण जात नाहीत; त्यांना एव्हाना बंगल्याची आणि बागेची सवय झालेली असते.

मोहक गुन्हेगार ही अर्थात हायस्मिथची निर्मिती नव्हे. हॉर्नंगचा रॅफल्स १८९९ साली पुस्तकरूपाने आला, लब्लाँचा आर्सेन ल्युपाँ १९०५ साली. जॉर्ज ऑर्वेलने १९४४ साली एका निबंधात रॅफल्सची तुलना जेम्स हॅडली चेसच्या १९३९ मधील कादंबरीशी केली. रॅफल्स चोर होता, परंतु काही गोष्टी ‘करावयाच्या नसतात’ एवढे तो मानीत असे, मग त्यामागे क्रिकेट खेळणाऱ्या सद्गृहस्थाची पोकळ प्रतिष्ठा का असेना. चेसच्या जगात ती मर्यादाही उरली नव्हती. तेथे बळ हेच सत्य होते, आणि फॅसिझमच्या काळाशी ऑर्वेलने त्याचा संबंध जोडला. चेसची पुस्तके पुढे भारतातील रेल्वे स्थानकांवरील दुकानांतून भरभरून खपली. मराठीत त्यापूर्वीच बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी चाळीचाळींतून वाचक मिळवला होता. त्यांचे झुंजार आणि काळापहाड कायद्याची चौकट ओलांडत, परंतु ती ओलांडताना कोणा दुष्टाला धडा शिकवीत. विद्वानांनी या पुस्तकांकडे तुच्छतेने पाहिले. तथापि त्यांतील न्यायाची भूक भाबडी असली तरी खरी होती. वाचनालयातून एक आण्यात नेलेल्या पुस्तकात सावकार एकदाचा हरत असेल तर गिरणीतून परतलेल्या माणसाने ते का वाचू नये?

रिप्लेच्या जगात ती भूक उरत नाही. तेथे कोणालाही धडा शिकवावयाचा नाही, कोणाचेही काही परत मिळवावयाचे नाही.

डाव्या लेखकांनी या मोहकतेला उलटे वापरून पाहिले, त्याचा अनुभवही बोलका आहे. ब्रेख्तने १९२८ साली बर्लिनमध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’ रंगभूमीवर आणला तो गुन्हेगार आणि सभ्य व्यापारी यांच्यातील अंतर पुसून टाकण्यासाठी. त्याचा दरोडेखोर व्यवहारी, टापटिपीचा, हिशेबी मध्यमवर्गीय आहे. ज्या वर्गाला चपराक मारावयाची होती तोच वर्ग तिकिटे काढून आला आणि गाणी गुणगुणत घरी गेला. म्हणूनच की काय, १९३४ च्या कादंबरीत ब्रेख्तने याच नायकाला स्वस्त मालाच्या दुकानांची साखळी देऊन बँकेच्या व्यवहारात नेऊन बसवले, म्हणजे गाण्यांच्या आडोशाने सुटण्याची सोय उरू नये. पु. ल. देशपांड्यांनी १९७८ साली त्याच नाटकाचे ‘तीन पैशाचा तमाशा’ केले, तेव्हा पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांनीही त्यातील संगीताची मनसोक्त वाहवा केली. आशय कितपत पोचला याबद्दल मतभेदास जागा आहे.

खोटा गुन्हेगार रंगवण्यातून खऱ्या गुन्हेगाराकडे जाण्यास वेळ लागत नाही. चार्ल्स शोभराज १९८६ च्या मार्च महिन्यात पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तिहारमधून पळाला आणि एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पकडले. त्याच्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाला, मालिका निघाल्या. त्या सर्वांत त्याचे वागणे-बोलणे, त्याची टोपी, त्याची हुशारी यांचे वर्णन आहे. १९७५ मधील ज्या अमेरिकन युवतीच्या खुनासाठी नेपाळच्या न्यायालयाने २००४ साली त्याला जन्मठेप दिली, तिच्याविषयी किती वाचकांना दोन वाक्ये सांगता येतील?

महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण २०२० सालच्या ‘स्कॅम १९९२’ या मालिकेचे. हर्षद मेहता हा खुनी नव्हता, आणि मालिकाही काही बाबतींत प्रामाणिक आहे. बँकांचे अधिकारी आणि परदेशी बँका कशा गुंतल्या होत्या हे ती दाखवते. परंतु तिचा परिणाम काय झाला? चाळीतून वर आलेला, मस्तवाल जुन्या दलालांना धूळ चारणारा एक हसरा नायक तरुणांना मिळाला, त्याचे संवाद मोबाइलवर फिरू लागले, आणि शेअर बाजारात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्यांनी ते मंत्रासारखे जपले. येथेही वाचकाच्या न्याय्य चिडीचे तेच अपहरण आहे: बड्यांच्या बंद दारावर लाथ मारणारा आपल्यातलाच कोणी. त्या रोखे घोटाळ्याची रक्कम जानकीरामन समितीने सुमारे ४,००० कोटी रुपये धरली होती. पोकळ बँक-पावत्यांच्या त्या खेळात अडकून १९९२ साली जी बँक कोसळली तिचे नाव बँक ऑफ कराड. कराडच्या शेतकऱ्यांचे, शिक्षकांचे, लहान व्यापाऱ्यांचे नाव तिच्या पाटीवर होते. या बँकेच्या दारात उभ्या राहिलेल्या ठेवीदाराला नायक करून दहा भागांची मालिका कोणी काढलेली नाही. ती रंजक होणार नाही असे निर्मात्यांना वाटते, आणि कदाचित त्यांचे बरोबरही असेल.

तशी ती होऊ शकते याचा पुरावा मात्र मराठीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या उद्ध्वस्त गिरणगावावर जयंत पवारांनी ‘अधांतर’ लिहिले. त्यातील धुरी कुटुंबाचा एक मुलगा, नरू, गुंडगिरीत ओढला जातो. त्याच्यात रिप्लेची सफाई नाही, उंची अभिरुची नाही. लेखक त्याला दुरून न्याहाळत नाही आणि त्याच्यावर भाळतही नाही. तो त्याला त्या दहा बाय बाराच्या खोलीत आईसमोर उभा करतो. गिरणी बंद करणारे मालक, जमिनीवर डोळा ठेवणारे बिल्डर आणि हातात काम नसलेली पोरे हे सारे त्या खोलीच्या दाराबाहेर आहेत, आणि प्रेक्षकाला ते न दाखवता दिसतात. येथे गुन्हेगाराविषयी करुणा वाटते, परंतु तो सुटावा म्हणून कोणी टाळ्या वाजवीत नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की रिप्लेची पुस्तके वाचनालयातून हद्दपार करावीत. चळवळीतील काही ज्येष्ठांना ‘ऱ्हासशील भांडवली वाङ्मय’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची जुनी सवय आहे. १९७५ ते १९७७ या काळात सेन्सॉरची कात्री स्वतःच्या नियतकालिकांवर चाललेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या तोंडी तरी ती भाषा शोभत नाही. शिवाय मार्क्सला स्वतःला या विषयाची गंमत कळत होती. अतिरिक्त मूल्यावरील टिपणांत त्याने उपरोधाने दाखवले आहे की गुन्हेगार केवळ गुन्हे निर्माण करीत नाही. तो फौजदारी कायदा, त्यावर व्याख्याने देणारा प्राध्यापक, पोलीस, न्यायाधीश, कुलपे आणि शोकांतिकासुद्धा निर्माण करतो. बेल्जियन मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ एर्नेस्ट मँडेल याने १९८४ साली रहस्यकथेचा सामाजिक इतिहासच लिहिला, आणि तो या कथांचा आजन्म चाहता होता.

हायस्मिथला तर शत्रू मानण्याचे कारणच नाही. भांडवली समाजात यशस्वी व्हावयाचे तर कोणते गुण लागतात याची यादी तिच्याइतक्या थंडपणे फार थोड्यांनी दिली आहे. आर्जवी बोलणे, संधी हेरणे, नेटके कागदपत्र, आणि रात्री शांत झोप: नोकरकपातीच्या पत्रावर सही करून संध्याकाळी संगीताच्या मैफिलीला जाणाऱ्या व्यवस्थापकाचे वर्णन याहून वेगळे नसते. दोष असेल तर तो या पुस्तकांच्या प्रकाशात स्वतःकडे न पाहण्यात आहे. आणि हे पाहणे चळवळीलाही चुकलेले नाही. सभेत टाळ्या घेणारा, विरोधकाला चतुराईने लोळवणारा, फंडाचा हिशोब मागितला की हसून खांद्यावर हात टाकणारा कार्यकर्ता कोणत्या तालुक्याने पाहिलेला नाही? त्याची कीर्ती सांगताना जुनेजाणते लोकही डोळे मिचकावतात. वर्षानुवर्षे पावतीपुस्तक चोख ठेवणाऱ्या खजिनदाराची कथा मात्र कोणी सांगत नाही.

अभ्यासवर्गांत रिप्ले जरूर वाचावा, परंतु सुरुवात तिसऱ्या कादंबरीपासून करावी आणि तिचे शेवटचे पान सावकाश वाचावे. ट्रेव्हॅनी मेलेला आहे. त्याने मिळवलेले पैसे स्विस बँकेत आहेत. त्याची विधवा रस्त्यात रिप्लेला पाहते आणि त्याच्या दिशेने थुंकते. ती थुंकी त्याला लागत नाही. रिप्ले मनाशी म्हणतो की बाईने पैसे ठेवून घेतले आहेत आणि त्याची तिला थोडी लाज वाटते आहे, जशी जगात पुष्कळांना वाटत असते. मग तो आपल्या घरी जातो. बाई आपल्या घरी जाते, जेथे मुलाला वाढवावयाचे आहे आणि दुकान चालवणारे कोणी उरलेले नाही. हायस्मिथने तिची बाजू लिहिली नाही.